पारूबाईची साक्ष

"पारूबाई, या पुढं," शमुवेल पाळक व्यासपीठावरून म्हणाले. पारूबाई जागची हलली नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. शिरूर कासारजवळच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये आज पाय ठेवायला जागा नव्हती. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावी परतली होती आणि संभाजीनगरहून चर्चसंस्थेचे अध्यक्ष स्वतः उपासनेला आले होते. बीड जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चच्या मंडळ्यांवर एक मुख्य पाळक नेमायचा होता. ती जागा आपलीच, याबद्दल शमुवेल पाळकांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्यापाशी पारूबाईची साक्ष होती.

देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, ही साक्ष. पारूबाईची साक्ष जिल्हाभर गाजलेली. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता तिचा गुडघा कामातून गेला होता. पाळकांनी एका रविवारी त्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पारूबाई काठी टाकून उभी राहिली. तेव्हापासून कुणी पाहुणा आला की ती बायकांच्या गर्दीतून पुढे यायची. सारी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत गायची. सटवा ढोलकी घुमवायचा. पाळक डोळे मिटून, हात वर करून उभे असायचे. गाणं संपायच्या आत पारूबाई व्यासपीठाला हात टेकून उभी असायची.

या साक्षीने पाळकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. पूर्वी ते आजाऱ्याच्या घरी जाऊन बसायचे, कोरा चहा प्यायचे, त्याचं रडगाणं ऐकायचे. आता आजाऱ्यांनीच आपल्याकडे यावं असं त्यांना वाटे. कुणाचं दुखणं हटलं नाही, तर विश्वास कुठं कमी पडला, असं ते त्यालाच विचारत. माणूस वाईट नव्हता. देवाची चाकरी करता करता देवाच्याच खुर्चीवर जरासा टेकला होता, आणि तिथून उठावंसं त्याला वाटत नव्हतं.

आजचा घोटाळा झाला अध्यक्षांच्या मोबाइलमुळे. पारूबाईचं चालणं त्यांना बाहेरच्या मंडळ्यांना दाखवायचं होतं. चित्र नीट यावं म्हणून त्यांनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं आणि गाणंही थांबवलं. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. मधली वाट मोकळी झाली, आणि त्या वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी पारूबाई बसलेली होती.

"विश्वासानं उठा, पारूबाई," पाळक म्हणाले. आवाजात जरब होती.

पारूबाईने सतरंजीवर दोन्ही हात टेकले. ती अर्धी उठली आणि गुडघ्याने दगा दिला. पण ती पडली नाही. शेजारच्या सत्यशीलाचा हात नेमका तिच्या काखेत गेला. पुढच्या बाईने मागे न बघताच आपला खांदा तिच्या हाताखाली दिला. तिच्या पुढचीने पाय आवरून वाट केली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सटवाचा हात आपसूक ढोलकीवर गेला आणि अध्यक्षांची आठवण होऊन तिथेच थांबला.

पाळकांनी हे सगळं पाहिलं, कारण आज त्यांचे डोळे उघडे होते. पारूबाई एकदाही चालत आली नव्हती. बायकांनी तिला हातोहात पुढे आणलं होतं. मंडळी उभी राहायची ती तिला झाकायला. आणि आपण समजत होतो की हा आपल्या प्रार्थनेचा प्रताप! शरमेने त्यांचे कान तापले.

तिला बरं नाही, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. अध्यक्षांना काही कळलं नसतं. मुख्य पाळकाची जागाही मिळाली असती. शमुवेल पाळक व्यासपीठावरून खाली उतरले.

"मोबाइल चालू राहू द्या, साहेब," ते अध्यक्षांना म्हणाले. "हिचा गुडघा बरा झालेला नाही. मी जिल्हाभर सांगत फिरलो ते खरं नव्हतं. उद्या मी हिला बीडला हाडांच्या डॉक्टरकडे नेतोय. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

त्यांचा आवाज जराही कापला नाही. इतकं सरळ ते फार दिवसांनी बोलले होते, आणि बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. अध्यक्षांनीच गडबडून मोबाइल खाली घेतला.

मग पाळक वाट तुडवत गेले आणि पारूबाईपुढे सतरंजीवर बसले. गुडघा सुजून टम्म झाला होता. कधीपासून दुखतोय, असं त्यांनी विचारलं. दुखायचा राहिलाच कुठं होता, ती म्हणाली. त्या पहिल्या रविवारीसुद्धा ती दात खाऊनच उभी राहिली होती. पाळकांना तिचा राग आला आणि लगेच स्वतःचा आला.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी पुन्हा प्रार्थना केली असती."

पारूबाईने सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीलाने मान खाली घातली. सगळ्या मंडळीनेच मान खाली घातली होती.

"पाळकीणबाई वारल्या तवापसून तुमी देवाशी बोलनंच सोडून दिलतं, साहेब. हितं मागं भिंतीला टेकून गप बसायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "आमी समद्यांनी गळ घातली, तवा त्या रविवारी कुठं तुमच्या तोंडून त्याचं नाव निघालं. मी उठले नसते, तर तुमी पुन्हा घेतलं असतं का?"