कड्यामागची वाडी
सकाळी ब्रश धुऊन, हिरवा रंग कालवून हेमांगी डोंगर-घरे चित्रासारखी दाखवणाऱ्या भिंतीएवढ्या देखावा-नकाशासमोर बसली. उद्या यंत्रे डोंगर सपाट करायला येणार होती. या नकाशात दिसतील तेवढीच घरे ती यंत्रे राखणार होती.

“बाई, आमची वाडी कुठाय?” नकाशा पाहायला आलेल्या धोंडू ढेबे यांनी विचारले.

“कड्यामागे झाकली गेली, तात्या.”

“मग वळवा की कडा! लग्नाच्या फोटोत माणसं सरकवतातच ना?”

देखणेपणासाठी ती चित्रात नेहमीच डोंगर वळवत असे. पण हा कडा वळवला, तर तिच्या वडिलांचे घर झाकले जाणार होते. वाडीतल्या कुटुंबांना मात्र दुसरा आसराच नव्हता.

तिने फोन लावला. “बाबा, सामान आवरा. संध्याकाळी न्यायला येते.”

“बरं. चाफ्याला पाणी घालून ठेवतो.”

तिने वाडीची कौले रेखली आणि वडिलांच्या घरावर कड्याचा करडा रंग चढवला.