तोल सांभाळणारा डायपर

"त्या जाडजूड डायपरवरून काळा फ्रॉक खालीच येत नाही गं," वन्सं कानाशी पुटपुटल्या. म्हणून केतकीनं बोरन्हाणापुरता रेवाचा तोल सांभाळणारा डायपर काढून ठेवला.

डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओघळले. सोसायटीची पोरं वेचायला धावली, सगळी एकाच ठेक्यात. एकही अडखळलं नाही. दोन वर्षांची रेवा पाटावरून उठली, पाऊल टाकलं आणि कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा कोसळली.

"हलव्याचे दागिने जड झाले असतील," कुणीतरी म्हणालं.

"झोप आली असेल हो."

केतकी पाटापाशी आली. तिनं दागिने उतरवले. रेवा थरथरत उभी राहिली आणि आईकडे बघत मटकन बसली. बाकीच्या आया आपापल्या पोरांच्या कमरेच्या तसल्याच डायपरकडे बघू लागल्या.

शेवटी वन्सं म्हणाल्या, "इतके दिवस डायपरच चालत होते गं. आपल्या पोरांना चालता येत नाही."