संकष्टीची शिकार

बोरिवलीहून सहकुटुंब मढच्या किनाऱ्यावर कधी जायचं ते जयवंतच ठरवायचा, आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी यायची. ऑनलाइन मागवलेला भाला घेऊन तो खडकांमधून पाण्यात शिरायचा आणि तासाभराने हात हलवत परत यायचा.

"हा एवढा तांबोसा समोर आला होता! पण म्हटलं, आज संकष्टी. सोडला."

म्हातारी आई कौतुकाने त्याची अलाबला काढायची.

परवा मात्र त्याने डोळे मिटून मारलेल्या भाल्याला खरंच तांबोसा लागला. आयुष्यातला पहिला! जयवंत भाला नाचवत, ओरडत किनाऱ्यावर आला.

आईने कपाळावर हात मारला.

"मेल्या, इतके मासे सोडलेस, आणि आजच कशी रे तुझी मती फिरली?"