दंडावरचा चट्टा

"डोळे घट्ट मीट, आणि टोचलं की लगेच ओरड," दौलत लेकीला म्हणाला. त्याच्या आखडलेल्या बोटांत सुई नीट धरवत नव्हती. रेणूच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला होता.

त्याचा स्वतःचा कुष्ठरोगही तरुणपणी अशाच चट्ट्यावरून कळला होता; तिथं टोचलेलं त्याला जाणवतच नव्हतं. गोळ्यांनी तो बरा झाला, बोटं तेवढी वाकडी राहिली. बायको बारा वर्षं त्याच्या ताटात जेवली, तिला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "हा जंतू सगळ्यांच्या अंगात रुजत नाही. पण मुलांवर लक्ष ठेवा. जंतू रुजू देणारी कमजोरी बापाच्या रक्तातून येऊ शकते."

त्यानं सुई टेकवली.

"आई गं!" रेणू किंचाळली. देव पावल्यासारखा दौलत हसला.

"हसताय काय? डोळे किलकिले करून बघतेय कार्टी," बायको म्हणाली, आणि तिनं पदरानं लेकीचे डोळे झाकले.

दौलतनं पुन्हा टोचलं. मग जरा जोरात. चट्ट्यावर रक्ताचा थेंब आला.

"टोचा की अण्णा," पदराआड रेणू खिदळली, "किती वेळ लावताय!"