आधी मला विचार

"विनाकारण भीती वाटते का?" परिचारिका इब्तिहालने प्रश्न उच्चारला.

"अल्हमदुलिल्लाह," रुदैना म्हणाली.

इब्तिहालने शून्यावर खूण केली. बाळंतिणींच्या मनातील चिंता मोजण्याचे कार्य घेऊन ती इर्बिद शहरात घरोघरी हिंडत होती. प्रत्येक उत्तरास गुण होते. ज्या मातेचे गुण अधिक भरतील, तिला दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंकडे उपचारांसाठी नेले जाई. परंतु इकडच्या स्त्रिया प्रत्येक प्रश्नाला ईश्वराचे आभारच मानीत. आणि एकदा आभार मानल्यावर पुन्हा खोदून विचारणे, म्हणजे समोरच्या स्त्रीला कृतघ्न ठरविण्यासारखेच होते. इब्तिहाल स्वतः याच मातीतील होती. तिची जीभ रेटत नसे.

बाळ शेजारी निजले होते. रुदैनाने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"बाळाला काही होईल, असे विचार मनात येतात?"

रुदैनाने बाळाकडे पाहिले. मग भिंतीकडे पाहिले.

"अल्हमदुलिल्लाह."

तिची सासू उम्म कुतैबा अंथरुणाच्या पायथ्याशी बसून होती. बाळंतिणीला एकटे सोडू नये, हा रिवाज ती कसोशीने पाळीत होती. पाहुणीसमोर तिने शहाजिऱ्याची, वर अक्रोड पेरलेली खीर ठेवली होती.

इब्तिहाल उठली. "मुबारक हो, खाला! सून अगदी ठणठणीत आहे तुमची. सगळी शून्यं!"

"शाळेत एवढी शून्यं मिळाली, तर बाप पोराला घरात घेत नाही," उम्म कुतैबा म्हणाली, "आणि तू खूश होतेस? बस खाली. खीर तशीच आहे."

"खाला, मला अजून बरीच घरं—"

"बस म्हटलं ना! आता हेच प्रश्न मला विचार."

"तुम्हाला? अहो, तुमची बाळंतपणं होऊन जमाना लोटला!"

"मग? माझ्या पहिल्या खेपेला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर मीही हिच्यासारखं अल्हमदुलिल्लाहच म्हटलं असतं. आज खरं सांगते. विचार."

इब्तिहालने संकोचत पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारी सावकाश बोलू लागली. होय, भीती वाटे. झोप येत नसे. रिवाजाप्रमाणे तेलमीठ लावून बाळाला न्हाऊ घालण्याची वेळ आली, की हात थरथर कापत. ते पाण्यात निसटेल, किंबहुना आपले हातच त्याला सोडून देतील, असे वाटे. म्हणून ती टॉवेल घेऊन दाराशीच उभी राही. तिच्या सासूने ते ओळखले. कुणापाशी एक अक्षर न काढता तिने रोज स्वतः बाळाला न्हाऊ घातले. आणि एके दिवशी सुनेचे हात आपल्या हातांत घेऊन तिने पाण्यात घातले.

"अल्लाह तिला जन्नत देवो. फार उपकार तिचे माझ्यावर," उम्म कुतैबाने डोळे पुसले. "पण तोवर मला वाटायचं, अशी कैदाशीण आई जगात मी एकटीच."

रुदैनाचे हात मांडीखालून बाहेर आले. ते थरथरत होते. तिने ते लपविले नाहीत.

"माझंही तसंच होतं," ती म्हणाली. "रोज."

इब्तिहाल शून्ये खोडू लागली.

रुदैना मात्र सासूकडेच पाहत राहिली. अखेरीस तिने धीर एकवटला.

"खाला… त्या बाळाचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय त्याला?" म्हातारी म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात तुझ्याशी निकाह लावून दिला ना मी त्याचा!"