फाटकाजवळचा हंस

म्हातारीला नवरा ओळखू येईनासा झाला होता, पण बागेतले सौरदिव्यांचे हंस ओळखीचे होते. संध्याकाळी कुठंही भटकली तरी त्यांच्या उजेडाच्या रोखानं ती घरी यायची, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवायची. आज उन्हानं रंग उडेल म्हणून म्हाताऱ्यानं दिवसभर हंसांवर गोणपाट टाकलं. अंधार पडला, म्हातारी बाहेरच, आणि एकही हंस उजळेना. “ऊन खाल्ल्याशिवाय ते उजळतील कसे, काका?” शेजारीण कळवळली. हाका मारमारून म्हाताऱ्याचा घसा बसला. शेवटी फाटकाजवळचा हंस उपटून तो स्वतःच तिथं उकिडवा बसला. अंगावर पांढरी चादर, आत चालू बॅटरी. बऱ्याच वेळानं पावलं वाजली. हात डोक्यावरून फिरला. “एकटाच जागा का रे? आत तो परका म्हातारा नाही ना? असला तर मी चालले.” म्हाताऱ्यानं चादर आणखी घट्ट ओढून घेतली. हंस बोलत नसतात.