नात्याचा पुरावा

"तू जाऊच नकोस तिकडे," आई म्हणाली. भट्टीवरच्या माशांचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता, तरी ती अराबाकडे बघत होती. "पोरीला गोवर झालाय म्हणून कळव."

"आणि गोवर बरा झाल्यावर, आई?"

आईने मासे उलटवले.

दूतावासाने कळवलं होतं की अराबाच्या मुलीचा, कुकुआचा, जन्म घरी झाला आणि नोंद फार उशिरा केली गेली. म्हणून आई, बाप आणि मुलगी अशी तिघांची डीएनए तपासणी करावी. त्याशिवाय कायम वास्तव्याच्या व्हिसाचा विचार होणार नाही. अराबाच्या नवऱ्याने, क्वामेनाने, कॅनडात स्वतःची तपासणी लगेच उरकूनही टाकली होती. "गालाच्या आतून नुसता कापसाचा बोळा फिरवतात गं," तो फोनवर हसत म्हणाला होता. "इतकी वर्षं वाट पाहिली. आता एवढंच राहिलंय."

अराबाही हसली होती. फोन ठेवल्याबरोबर ती आईकडे धावली होती.

कुकुआ तिच्या पोटची नव्हती. अख्ख्या ताकोराडी शहरात हे फक्त तिला आणि तिच्या आईला ठाऊक होतं.

क्वामेना परदेशी गेला तेव्हा अराबा पोटुशी होती. तिची धाकटी बहीण मान्सा शिवणकाम शिकायला त्यांच्याकडेच राहायची. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत कळलं की मान्सालाही दिवस गेलेत. बाप कोण, ते तिने सांगितलं नाही. आईने शिव्या घातल्या, मारलं, शेवटी पायाही पडली. मान्साने तोंड उघडलं नाही. गल्लीतल्या बायका बंदरावरच्या एका खलाशाचं नाव घ्यायच्या. त्याचं जहाज निघून गेलं, तशी चर्चाही विरली.

अराबाचं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. त्याच आठवड्यात मान्सा बाळंत झाली आणि रक्त थांबेना म्हणून गेली. मागे टाहो फोडणारी एक मुलगी राहिली. अराबाची छाती दुधाने दाटून आली होती. आईने पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि दार लावून घेतलं.

"देवानं एक नेलं, एक दिलं," ती म्हणाली. "जगाला काय सांगायचंय?"

अराबाने क्वामेनाला सांगितलं, मुलगी झाली. मान्सा गेली, तेही सांगितलं.

"आणि तिचं मूल?" त्याने विचारलं होतं.

"तेही गेलं."

तो रडला होता. परक्या मुलखात एकटा पडलाय, रडू लवकर येतं, अशी अराबाने स्वतःची समजूत घातली होती. खोटं बोलल्याची टोचणी मात्र तिला त्या दिवसापासून लागली, ती गेलीच नाही.

शेवटी त्या दोघी तपासणीसाठी राजधानीत, आक्राला पोहोचल्या तेव्हा दवाखान्याचं आवार माणसांनी भरलं होतं. कुकुआने शाळेतला चांगला फ्रॉक घातला होता. वाटेत गाडीत तिने विचारलं होतं, "आई, आपण गेल्यावर आजीचे मासे कोण गं उलटवणार?" अराबाला खिडकीकडे तोंड वळवावं लागलं होतं.

बाकावर शेजारी एक पोक्त बाई केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, खात बसली होती. तिने त्यातला तुकडा तोडून कुकुआच्या हातावर ठेवला.

"नवऱ्याकडे चाललीस?"

"हो, मावशी. तुम्ही?"

"मी पण. अर्ज केला तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आता मिशा फुटल्यात त्याला. वय उलटलं म्हणून त्याचं नाव गाळलं. म्हणे, तुम्ही एकट्या जा."

"मग जाणार?"

"त्याला इथं टाकून? छे गं!"

"मग आलात कशाला?"

बाई खळखळून हसली. "सवय झालीय. उद्या मेले तर माझं प्रेतसुद्धा याच रांगेत येऊन बसेल." मग हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

आतून नावं पुकारली जात होती. अराबाने कुकुआकडे पाहिलं. पोर बोटं चाटत होती. आता तिच्या गालातून बोळा फिरवतील आणि काही दिवसांत एखादा परका माणूस क्वामेनाला कळवेल की ही मुलगी तुमची नाही, तुमच्या बायकोचीही नाही. फाइल बंद होईल, संसारही मोडेल. मोडायचाच असेल तर निदान आपल्या तोंडून मोडावा.

"मावशी, हिच्याकडे जरा बघा," ती म्हणाली आणि आवाराच्या भिंतीशी जाऊन तिने फोन लावला.

क्वामेना रात्रपाळीहून नुकताच आला होता. "झालं का?" त्याने जांभई देत विचारलं.

"क्वामेना, मध्येच बोलू नकोस. मग मला जमायचं नाही." तिने भिंतीला हात टेकला. "आपलं बाळ जन्मतःच गेलं. कुकुआ मान्साची आहे. तिचं बाळ गेलं असं मी खोटं सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना? आता हे तपासणीत निघणारच. मला टाकायचं तर टाक, मी तोंडातून ब्र काढणार नाही. पण पोरीला दूर लोटू नकोस. ती रोज तुझ्या फोनची वाट बघते."

"मान्साची मुलगी जगली?" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हो."

"कुकुआ... मान्साची?"

"हो रे. म्हणून तर म्हणते, आम्ही परत जातो. उगाच शोभा कशाला करून घ्यायची?"

दारात नर्सने कुकुआचं नाव पुकारलं. शेजारच्या बाईने हात हलवून अराबाला खूण केली. अराबा फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.



"परत जाऊ नकोस, अराबा. तिला आत ने," तो हलकेच म्हणाला. "तपासणीत माझं तिच्याशी जुळेल."